रिसिव्हर घेताय? आधी त्याची पाठ बघा

सोलापुरात माझं अँप्लिफायर आणि होम थिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केलं तेव्हा टेबलावर कॅसेट डेक आणि लग्नाच्या साउंडचे अँप्लिफायर असायचे. माझ्या हाती आलं तोवर एव्ही रिसिव्हर, म्हणजे टीव्ही आणि बाकीच्या डब्यांचा आवाज घेऊन हॉलमधल्या सगळ्या स्पीकरना ताकद देणारी मशीन, यायला लागले होते. आता दुरुस्तीइतकाच वेळ सल्ला देण्यात जातो. "ताई, लाखाच्या आत सगळं बसवायचंय, कुठला रिसिव्हर घेऊ?" असं विचारणारे बहुतेक जण मशीनचं तोंड बघून आलेले असतात. मोठा नॉब, चमकणारा डिस्प्ले, खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा. मी म्हणते, दुकानदाराला मशीन फिरवून दाखवायला सांगा. तुमच्या घरात ते चालणार की नाही, हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं.

पण दुकानात जायच्या आधी पैशाची वाटणी करून टाका. एकूण लाखभर रुपये असतील तर रिसिव्हरला पस्तीस-चाळीस हजारांच्या वर जाऊ नका. बाकीचे स्पीकर आणि सबवूफरला, म्हणजे फक्त खालचे जड सूर वाजवणाऱ्या डब्याला, ठेवा. लोक नेमकं उलटं करतात. साठ हजारांचा रिसिव्हर घेतात आणि त्याला उरलेल्या पैशांत मिळतील ते प्लास्टिकचे स्पीकर जोडतात. आवाज शेवटी स्पीकरच्या पडद्यातून येतो. रिसिव्हर पुढे कधीही बदलता येतो, चांगले स्पीकर मात्र वीस वर्षं घरात राहतात. त्यातही मधला, म्हणजे टीव्हीखालचा सेंटर स्पीकर, यावर हात आखडू नका. सिनेमातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात. "गाणी मोठ्यानं, बोलणं मात्र ऐकूच येत नाही" ही माझ्याकडे येणारी सगळ्यात जुनी तक्रार आहे, आणि बहुतेक वेळा तिचं मूळ सेंटर स्पीकर हलका असण्यात किंवा टीव्हीच्या खणात आत ढकलून ठेवलेला असण्यात सापडतं.

एक कागद घ्या आणि टीव्हीला आज काय काय जोडलंय ते लिहा. डीटीएच किंवा केबलचा सेट टॉप बॉक्स, फायर स्टिक, मुलाचं प्लेस्टेशन, असला तर ब्लू-रे प्लेयर. मग टीव्हीच्या मागे टॉर्च मारून एचडीएमआयच्या कुठल्या खाचेशेजारी 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलंय ते बघा. मोबाइलवर त्याचा फोटो काढून तो बरोबर न्या. अर्धी खरेदी तिथंच ठरते.

एआरसी म्हणजे एकाच एचडीएमआय वायरीतून चित्र रिसिव्हरकडून टीव्हीकडे जातं आणि आवाज टीव्हीकडून रिसिव्हरकडे परत येतो. २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर ही सोय आली. टीव्हीतलंच नेटफ्लिक्स, प्राइम वगैरे बघत असाल तर आवाज याच वाटेनं रिसिव्हरकडे येणार. साध्या एआरसीतून डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस हे सिनेमाच्या आवाजाचे प्रकार जातात, ओटीटीवरचा ॲटमॉसही (डोक्यावरूनही आवाज देणारा प्रकार) त्यातूनच जातो. ब्लू-रेच्या डिस्कवरचं डॉल्बी ट्रूएचडी मात्र त्यातून जात नाही, त्याला ईएआरसी, म्हणजे एआरसीची पुढची आवृत्ती, लागते, नाहीतर प्लेयर थेट रिसिव्हरला जोडावा लागतो. तुमच्याकडे ब्लू-रे नसेल तर फक्त ईएआरसीसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. टीव्ही जुना असेल, एआरसी नसेलच, तर ऑप्टिकलची चौकोनी खाच बघा. तिच्यातून साधं डॉल्बी डिजिटल ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) जातं, म्हणजे सिनेमा बघायला पुरेसं.

आता दुकानात मशीन फिरवा. आधी एचडीएमआय इनपुट मोजा. कागदावरच्या वस्तूंपेक्षा एक जास्त असलं तर बरं. ४के टीव्ही असेल तर त्या इनपुटना एचडीसीपी २.२ (सिनेमाची चोरून कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप) हवंच, नाहीतर ४के सिनेमा त्यातून पुढे जाणार नाही. आजच्या नव्या मशीनमध्ये ते असतंच, जुनं किंवा वापरलेलं घेताना मात्र विचारा. ८के, एचडीएमआय २.१ ही नावं ऐकून भुलू नका. ती लागतात ४केमध्ये सेकंदाला १२० फ्रेमनं गेम खेळणाऱ्याला, आणि तोही गेमचा डबा थेट टीव्हीला जोडून आवाज एआरसीनं रिसिव्हरला देऊ शकतो.

मग स्पीकरचे टर्मिनल. स्क्रूनं आवळायचे गोल टर्मिनल वायर घट्ट धरतात. दाबून वायर घालायच्या स्प्रिंगच्या चिमट्यात जाड वायर बसत नाही आणि चार वर्षांत स्प्रिंग ढिली पडते. स्वस्त मशीनमध्ये पुढच्या दोन स्पीकरना स्क्रूचे आणि बाकीच्यांना चिमटे अशी काटकसर केलेली असते. ती चालण्यासारखी आहे, पण सगळेच चिमटे असतील तर मी ते मशीन घेऊ नका म्हणेन.

टर्मिनलच्या आसपास बारीक अक्षरात ओहमचा, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचा, आकडा छापलेला असतो, ६ ओहम किंवा ८ ओहम. घरात जुना डबाबंद होम थिएटर सेट पडून आहे, त्याचेच स्पीकर नव्या रिसिव्हरला लावू, असा विचार असेल तर आधी त्या स्पीकरच्या पाठीवरचा आकडा वाचा. त्यातले बरेचसे ३ किंवा ४ ओहमचे असतात. ते ६ ओहमच्या मशीनला लावले की करंट जास्त खेचला जातो, मशीन तापतं, आवाज वाढवला की 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडतं. अशा सेटचा सबवूफरही बहुधा पॅसिव्ह असतो, म्हणजे त्याच्या आत स्वतःचा अँप्लिफायर नसतो. रिसिव्हरच्या मागे सबवूफरसाठी जी एक गोल आरसीए खाच असते, तिच्यातून फक्त सिग्नल येतो, ताकद येत नाही. त्यामुळे भिंतीतल्या प्लगला लागणारा पॉवर्ड सबवूफरच घ्यावा लागतो. हा खर्च हिशेबात धरलेला नसतो म्हणून खूप जण अडकतात.

आता वॅट. सगळ्यात जास्त फसवणूक याच आकड्यात होते, म्हणून इथं थोडा वेळ काढा.

यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ या साध्या ५.१ रिसिव्हरचा कागद बघा. त्यावर एका ओळीत १३५ वॅट आहे आणि दुसऱ्या ओळीत ७० वॅट. मशीन तेच, दोन्ही आकडे खरे. १३५ हा आकडा एकच चॅनेल (एकाच स्पीकरची वाट) चालू, एकाच सुराची एक किलोहर्ट्झची चाचणी, ६ ओहम आणि १० टक्के डिस्टॉर्शन धरून काढलेला आहे. दहा टक्के डिस्टॉर्शन म्हणजे आवाज फाटलेला, तसा तुम्ही ऐकणारच नाही. ७० हा आकडा दोन चॅनेल एकत्र, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत सगळे सूर, ६ ओहम आणि ०.०९ टक्के डिस्टॉर्शनला आहे. कंपनीनं दोन्ही प्रामाणिकपणे छापलेत, खोक्यावर मात्र मोठा आकडा झळकतो. म्हणून दोन मशीनची तुलना करताना दोन्हीकडच्या 'दोन चॅनेल, २० ते २० हजार हर्ट्झ' अशा ओळीच शेजारी ठेवा. ओहमही सारखे आहेत का बघा. ती ओळच कुठं सापडत नसेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. 'पीएमपीओ' लिहिलेले हजारो वॅट तर वाचूच नका, त्या आकड्याला कुठलंच ठरलेलं मोजमाप नाही.

७० वॅट पुरतात का? हिशेब करून बघा. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते. ८८ डेसिबल असेल तर एका वॅटवर एका मीटरला ८८ डेसिबल आवाज मिळतो. तीन मीटरवरच्या सोफ्यापर्यंत तो साधारण ७-८ डेसिबलनं उतरतो, म्हणजे ८० राहिला. घरात सिनेमा बघताना सरासरी आवाज ७० ते ७५ डेसिबल असतो. म्हणजे बहुतेक वेळ तुमचं मशीन एक वॅटसुद्धा देत नसतं. स्फोट, ढोल, पाठलाग आला की क्षणभर २० डेसिबल जास्त लागतात, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद. तरीही गणित तीस-चाळीस वॅटच्या आसपास येतं. बारा बाय पंधराच्या हॉलला खरे ७० वॅट पुरून उरतात. ७० चे १०० केले तर दीड डेसिबल वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतका. त्याऐवजी ८५ डेसिबलच्या जागी ८८ चा स्पीकर घेतला तर तीन डेसिबल मिळतात, म्हणजे फुकटात दुप्पट वॅटचं मशीन घेतल्यासारखं.

५.१ घ्यावं, ७.१ घ्यावं की ॲटमॉस? आपल्याकडच्या बहुतेक हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. ७.१ मधले मागचे दोन स्पीकर सोफ्याच्या पाठीमागे लागतात, तिथं जागाच नाही, तेव्हा ७.१ चा विषय संपला. ॲटमॉससाठी ५.१.२ म्हणजे वरचे दोन स्पीकर. आरसीसीचा सपाट स्लॅब असेल आणि त्यात किंवा त्याला स्पीकर बसवायची तयारी असेल तर मजा येते. पुढच्या स्पीकरवर ठेवून छताकडे आवाज फेकणारेही मिळतात, पण त्यांना सपाट, कडक छत लागतं. वरच्या मजल्यावर पत्रा असेल किंवा उतरतं छत असेल तर तो नाद सोडा. माझं मत विचाराल तर लाखाच्या आतल्या बजेटमध्ये पाच चांगले स्पीकर सात साधारण स्पीकरांपेक्षा केव्हाही सरस. ॲटमॉस नसलेल्या मशीनवर ॲटमॉसचा सिनेमा लावला तरी तो ५.१ मध्ये व्यवस्थित वाजतो, आवाजातलं काही गळत नाही.

खोली ऐकून घेणारा माइक मात्र हवाच, त्यावरून मशीन प्रत्येक स्पीकरचा आवाज आणि अंतर स्वतः जुळवतं. यामाहा त्याला वायपीएओ म्हणतं, ऑनक्यो ॲक्यूईक्यू, डेनॉनच्या बऱ्याच मशीनमध्ये ऑडिसी असतं. पण सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये कधीकधी ही सोय काढून टाकलेली असते, म्हणून खोक्यात माइक आहे का ते डोळ्यांनी बघा. दोन मशीनमध्ये अडकला असाल आणि एकात माइक असेल, तर तेच घ्या.

आता आपल्या गावाचं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि रिसिव्हरच्या आतले ट्रान्झिस्टर मुळातच गरम होणारे. काचेचं दार असलेल्या शोकेसमध्ये, वर सेट टॉप बॉक्स ठेवून, त्यावर क्रोशाचा रुमाल टाकून चालवलेली मशीन माझ्याकडे येतात, तेव्हा आतल्या कॅपॅसिटरची डोकी फुगलेली असतात. मशीनच्या वर निदान पाच-सहा इंच मोकळी जागा ठेवा, दोन्ही बाजूंना चार. वर काहीही ठेवू नका. दुकानात टेप घेऊन जा आणि मशीनची पुढून मागेपर्यंतची लांबी मोजा. ती बहुधा चौदा इंचांच्या आसपास असते, त्यात मागच्या वायरींचे दोन-तीन इंच धरा. टीव्ही युनिटच्या खणात ते बसतं का, हे घरी आणल्यावर कळून उपयोग नाही.

उन्हाळ्याचा दुसरा त्रास कूलरचा. हॉलमध्ये कूलर फुल्ल चालू असला की संवाद बुडतात. अशोक चौकाच्या बाजूला किंवा पूर्व भागात राहत असाल आणि शेजारी यंत्रमाग असेल तर दिवसभर खटखट असतेच. सगळा आवाज वाढवू नका. रिसिव्हरच्या मेनूत सेंटर स्पीकरची लेव्हल दोन-तीन डेसिबलनं वर करा. 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' असं काहीतरी असतं, ते चालू केलं की मोठे आवाज खाली येतात आणि बारीक बोलणं वर येतं. घरात म्हातारं माणूस असेल तर ही दोन बटणं रिमोटवरच आहेत की मेनूत चार पायऱ्या आत, हेही विकत घेताना बघून घ्या. जुळे सोलापूरच्या एका निवृत्त सरांनी केवळ एवढ्यासाठी महागाचं मशीन सोडून साधं घेतलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. काकूंना रोज संध्याकाळी मालिका बघायची असते, मेनूत शिरायला त्यांना सवड नाही.

विजेचंही बघा. मशीनच्या पाठीवर २३० व्होल्ट लिहिलेलं असावं. परदेशातून कुणी आणलेलं १२० व्होल्टचं मशीन थेट लावलं तर त्या क्षणी जळतं. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो प्युअर साइन वेव्ह हवा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि मे महिन्यात वळवाचं आभाळ भरून आलं की मशीनचा प्लग काढाच, पण त्याबरोबर केबलची किंवा डिशची गोल वायरही सेट टॉप बॉक्समधून काढा. विजेचा झटका बऱ्याचदा त्या वायरीतून शिरतो, तिथून एचडीएमआयमधून रिसिव्हरमध्ये जातो आणि एचडीएमआयचा बोर्ड उडवतो. दर वळवानंतर अशी मशीन माझ्या टेबलावर येतात, आणि तो बोर्ड बदलणं स्वस्त नसतं.

नवी पेठेत विचारा, ऑनलाइनही भाव बघा, पण दोन्हीकडे एक प्रश्न नक्की करा: बिघडलं तर दुरुस्ती कुठं होणार? सोलापुरात, की पुण्याला पाठवावं लागणार? पुणे अडीचशे किलोमीटर. दहा किलोच्या आसपासचं मशीन सुखरूप पाठवायचं तर मूळ खोका आणि थर्माकोल लागतो, तो माळ्यावर जपून ठेवा. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी भारतातली आहे का ते कंपनीच्या सेवा क्रमांकावर फोन करून त्याच दिवशी पक्कं करा.

वापरलेलं मशीन घ्यायला माझी हरकत नाही, उलट चार-पाच वर्षांपूर्वीचं वरच्या श्रेणीतलं मशीन आजच्या नव्या साध्या मशीनच्या भावात मिळून जातं. फक्त घेताना तासभर चालवून बघा. प्रत्येक एचडीएमआय इनपुटमध्ये स्टिक घालून चित्र येतं का बघा. मेनूतला टेस्ट टोन लावून पाचही चॅनेल ऐका. चालू करताना आत रिलेचा 'टक' असा स्वच्छ आवाज यायला हवा. नॉब फिरवताना खरखर किंवा आकड्यांची उलटसुलट उडी दिसली तर भाव पाडा. झाकणाच्या जाळीला नाक लावून वास घ्या, जळलेला वास लपत नाही.

मशीन घरी आलं की वायर. स्पीकरच्या नावानं मिळणारी बरीच स्वस्त वायर आतून ॲल्युमिनियमची असते, वर तांब्याचा मुलामा. त्यापेक्षा इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची फ्लेक्झिबल वायर घ्या, ती आपल्या हॉलच्या अंतराला पुरेशी आहे. टोकाचं प्लास्टिक फक्त एक सेंटिमीटर सोला. आतले केस बोटांत धरून एकाच दिशेनं घट्ट पीळ द्या. टर्मिनलमध्ये घालून स्क्रू आवळला की मोबाइलचा टॉर्च लावून बघा. एखादा तांब्याचा केस बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकला तर मशीन प्रोटेक्टमध्ये जातं आणि लोक ते बिघडलं म्हणून माझ्याकडे घेऊन येतात. लाल-काळं दोन्ही टोकांना तेच ठेवा, एक जरी उलटं झालं तरी ढोलाचा दणका पोकळ होतो. पुढचे दोन स्पीकर टीव्हीपासून सारख्या अंतरावर, बाजूचे दोन सोफ्याच्या शेजारी किंवा किंचित मागे, कानापेक्षा थोडे वर. फरशी उघडी असेल तर सोफा आणि टीव्हीच्या मध्ये जाड गालिचा अंथरा, फरशीवरून उडणारा आवाज बराच शांत होतो.

माइक लावायचा तो कूलर-पंखा बंद करून, शेजारचे माग थांबले असतील त्या वेळी. माइक हातात धरू नका, सोफ्यावर बसल्यावर कान जिथं येतो त्या उंचीवर कॅमेऱ्याच्या स्टँडला लावा. सबवूफरचा व्हॉल्यूम निम्म्यावर, त्याच्यावरचा फ्रिक्वेन्सीचा नॉब शेवटपर्यंत उजवीकडे. चाचणी संपल्यावर मेनूत जा. पुढचे स्पीकर 'लार्ज' दाखवत असतील आणि ते तुमचे छोटे शेल्फवरचे असतील, तर 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. त्याखालचं काम सबवूफरचं. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं तरी बदलू नका, आतल्या सर्किटमुळे लागणारा उशीर मशीननं त्यात धरलेला असतो.

शेवटचं काम टीव्हीवर. ध्वनीच्या सेटिंगमध्ये आवाज बाहेर एचडीएमआय एआरसीनं जाईल असं करा, 'पीसीएम'च्या जागी 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' निवडा, आणि एचडीएमआय-सीईसी (एकाच रिमोटनं टीव्ही आणि रिसिव्हर चालवायची सोय) चालू करा. त्याला प्रत्येक कंपनीनं वेगळं नाव दिलंय. मग ५.१ लिहिलेला एखादा सिनेमा लावा आणि रिसिव्हरच्या पट्टीकडे बघा. तिथं 'डॉल्बी डिजिटल प्लस' उमटायला हवं. नुसतं 'पीसीएम' दिसलं तर दोनच चॅनेल येतायत, परत टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. नेटफ्लिक्सवर ॲटमॉस हवा असेल तर त्यांचा प्रीमियम प्लॅन लागतो, तो नसताना ॲटमॉस दिसला नाही म्हणून मशीन परत करायला जाऊ नका.